पीएचडीसाठी युटाहून आयोवाला: एका मॉर्मन कुटुंबाच्या स्थलांतराचं प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या एका तरुण मॉर्मन कुटुंबाचं आहे. मॉर्मन हा युटा राज्यात केंद्र असलेला एक ख्रिस्ती पंथ. ओळख पटू नये म्हणून विषय, विद्यापीठ आणि काही तपशील फिरवले आहेत आणि रकमा पूर्णांकात आणल्या आहेत. नियम आणि तारखांचा क्रम मात्र खरा आहे, कारण सगळा गुंता त्या क्रमातच होता. अशा कुटुंबांना नव्या गावात माणसं लगेच मिळतात. विमा, कर आणि पहिला पगार यांचं वेळापत्रक मात्र त्यांचं त्यांनाच जुळवावं लागतं, आणि बहुतेक जण तिथेच अडकतात.

पार्श्वभूमी

कुटुंब युटामधल्या प्रोव्होचं. नवरा २७ वर्षांचा, बायको २५ची. मुलगी पावणेचार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. इतक्या लहान वयात दोन मुलं असणं या समाजात नेहमीचं आहे. मुलगे अठराव्या वर्षापासून दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जाऊ शकतात, परतल्यावर कॉलेजात असतानाच अनेकांची लग्नं होतात, आणि पदवी हातात पडते तेव्हा कडेवर मूल असतं. २०१८ पासून चर्चचं नेतृत्व ‘मॉर्मन’ऐवजी चर्चचं पूर्ण नाव वापरायला सांगतं. इथे वाचकांच्या ओळखीचा शब्द ठेवला आहे.

या समाजाचा पाया म्हणजे वॉर्ड, म्हणजे चर्चची स्थानिक मंडळी. आपण कुठल्या वॉर्डात, हे घराच्या पत्त्यावरून ठरतं, आवडीनुसार निवडता येत नाही. वॉर्ड चालवणारा बिशप पगारी नसतो, त्याची नोकरी किंवा धंदा वेगळा असतो. बाकीची कामंही सभासदांनाच वाटून दिलेली असतात आणि त्या नेमणुकीला कॉलिंग म्हणतात. प्रोव्होत चार-सहा गल्ल्यांचा एक वॉर्ड होतो, रविवारी पायी जाता येतं. आयोवात एकाच वॉर्डात अनेक गावं येतात.

मार्च २०२३ मध्ये नवऱ्याला पूर्व आयोवातल्या एका विद्यापीठात पाच वर्षांच्या पीएचडीसाठी प्रवेश मिळाला. पहिली दोन वर्षं फेलोशिप, वर्षाला २७,००० डॉलर, बारा महिने. पुढची तीन वर्षं टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्याच्या कामाचा पगार), शैक्षणिक वर्षाला २२,००० डॉलर. ट्यूशन माफ, पण दर सत्राची सुमारे ६०० डॉलर फी स्वतः भरायची. विद्यार्थ्याचा आरोग्य विमा विद्यापीठाकडून, कुटुंबाचा हप्ता स्वतःचा.

पत्र येऊन दोन आठवडे होत नाहीत तोच तिसऱ्या बाळाची चाहूल लागली. तारीख २५ नोव्हेंबर.

अडचण

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला उत्तर देण्याची मुदत १५ एप्रिल असते. तोवर तीन गोष्टींचा अंदाज घ्यायचा होता.

पहिली, रोख पैसा. नेमणूक १६ ऑगस्टपासून, पण पहिला हप्ता सप्टेंबरअखेर. प्रोव्होचं उत्पन्न जुलैअखेर थांबणार. मधल्या दोन महिन्यांसाठी बचत होती ६,४०० डॉलर. खर्च असा: सोळा फुटी ट्रकचं एका बाजूचं भाडं २,१००, इंधन ४४० (सुमारे १,१८० मैल, गॅलनला दहा मैल, म्हणजे ११८ गॅलन), दोन रात्रींचं मोटेल २३०, घराची अनामत ९००, दोन महिन्यांचं भाडं १,८००, किराणा आणि गाडीचं पेट्रोल १,०००, फी ६००. एकूण ७,०७०. म्हणजे ६७० डॉलर कमी. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला, ही टायथिंगची रक्कम, या घरात अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत असते. महिन्याचा २,२५० चा हप्ता म्हणजे हातात येणारे २,०२५ असं धरूनच पुढचा हिशेब चालतो. बाहेरचा सल्लागार पहिली कात्री तिथेच लावेल, पण या कुटुंबापुढे तो पर्यायच नव्हता. असा सल्ला दिला की पुढचं कुणी ऐकून घेत नाही.

दुसरी, विमा. बायको आणि मुलं युटाच्या मेडिकेडवर होती. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, पण पात्रता राज्याची. राज्य बदललं की जुनं बंद करून नव्या राज्यात नव्याने अर्ज करावा लागतो आणि निकालाला ४५ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. गरोदरपणातली साखरेची चाचणी २४ ते २८ व्या आठवड्यात करतात. इथे तो काळ ५ ऑगस्ट ते २ सप्टेंबर, म्हणजे नेमका या पोकळीत.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे कर. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला अमेरिकेत अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट मिळतं. कर शून्य असला तरी ही रक्कम रोख परत येते. मात्र त्यासाठी कमावलेलं उत्पन्न हवं. असिस्टंटशिपचा पगार डब्ल्यू-२ या पगारदारांच्या कर-फॉर्मवर येतो, तो कमाई धरला जातो. नुसती फेलोशिप कमाई धरली जात नाही. चाइल्ड टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे मुलांमागे मिळणाऱ्या कर-सवलतीचा, परत मिळणारा भागही २,५०० डॉलरच्या वरच्या कमाईच्या १५ टक्क्यांवर ठरतो. ऑगस्ट २०२३ पासून सलग दोन वर्षं फेलोशिप घेतली, तर २०२४ हे पूर्ण कॅलेंडर वर्ष कमाईविना जाणार होतं. तीन मुलं असूनही दोन्ही क्रेडिट शून्य. म्हणजे दिसायला मोठी असलेली रक्कम हातात मात्र कमीच पडत होती.

समोर असलेले पर्याय

एक वर्ष प्रवेश पुढे ढकलणं. विभागाने जागा राखायची तयारी दाखवली, फेलोशिपची हमी दिली नाही. हा पर्याय एका दिवसात बाद झाला.

सॉल्ट लेक सिटीतल्या विद्यापीठात जाणं. घर, आजी-आजोबा, डॉक्टर, विमा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण नवऱ्याच्या विषयात मार्गदर्शन करणारं तिथे कुणी नव्हतं. पीएचडी ही विद्यापीठापेक्षा मार्गदर्शकाकडे करायची असते, त्यामुळे हा नकार योग्यच होता.

नवऱ्याने एकट्याने पुढे जाणं आणि बायको-मुलांनी बाळंतपण होईपर्यंत तिच्या माहेरी राहणं. कागदावर हाच सर्वांत शहाणा पर्याय. युटाचा विमा चालू राहतो, डॉक्टर बदलत नाही, आयोवात खोली घेऊन भागतं. अडचण तारखेची होती. २०२३ चं थँक्सगिव्हिंग, अमेरिकेतला मोठा कौटुंबिक सण, २३ नोव्हेंबरला होतं आणि बाळाची तारीख २५. त्या आठवड्यात विमानाची तिकिटं चढलेली, सत्र संपायला तीन आठवडे उरलेले, आणि कळा सुरू झाल्यावर निघून वेळेत पोचण्याची खात्री नाही.

जुलैअखेर सगळ्यांनी एकत्र जाणं. सर्वांत महाग, आणि कागदपत्रांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक.

निर्णयाची पद्धत या समाजाची स्वतःची आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय प्रकरण कळत नाही. आधी आकडे मांडायचे, दोघांनी मिळून एका निष्कर्षाला यायचं आणि मग तो प्रार्थनेत ठेवायचा. एरवी महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो, लागोपाठ दोन जेवणं आणि पाणीही नाही, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. एप्रिलच्या पहिल्या शनिवार-रविवारी चर्चचं सर्वसाधारण अधिवेशन असल्यामुळे तो उपास २६ मार्चला आला. गरोदर असल्यामुळे तिने केला नाही, नवऱ्याने केला. एकत्र जायचं ठरलं. हे ठरल्यावर दोघांच्याही मनात पुन्हा फाटे फुटले नाहीत, आणि पुढच्या चार महिन्यांत त्याचा फार उपयोग झाला.

काय केलं

सर्वांत मोलाचं काम होकार देण्याआधी झालं. नवऱ्याने विभागाच्या पदव्युत्तर संचालकांना विचारलं, की फेलोशिपचं एक वर्ष पहिल्या वर्षी आणि दुसरं चौथ्या वर्षी घेता येईल का, मधली वर्षं शिकवण्याची करून? कारण दोन्ही सांगितली: कराची, आणि चौथ्या वर्षी प्रबंधाला मोकळा वेळ हवा ही. विभागाला आणखी एक शिकवणारा हवाच होता. बदल पत्रात लिहून मिळाला आणि १२ एप्रिलला होकार गेला.

फेलोशिपचं एकच शैक्षणिक वर्ष दोन कॅलेंडर वर्षांत विभागलं जातं. २०२३ मध्ये जुलैपर्यंतचा प्रोव्होचा पगार कमाई म्हणून होता. २०२४ मध्ये ऑगस्टनंतरचा असिस्टंटशिपचा पगार येणार होता.

घर बघताना दोघांनी चर्चच्या संकेतस्थळावर प्रत्येक पत्ता टाकून वॉर्ड आणि सभागृहाचं, म्हणजे रविवारी वॉर्ड जिथे जमतो त्या इमारतीचं, अंतर पाहिलं. विद्यापीठाच्या कौटुंबिक वसाहतीत प्रतीक्षायादी होती. वॉर्डातल्या रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे स्त्रियांच्या संघटनेच्या, अध्यक्षांना पत्र लिहिल्यावर तीन रिकामी घरं कळली. त्यातलं दोन खोल्यांचं, ९०० डॉलर भाड्याचं घर घेतलं. विद्यापीठाच्या गावात भाडेकरार ३१ जुलैला संपून १ ऑगस्टला सुरू होण्याची पद्धत असते. मधली एक रात्र सामानासकट रस्त्यावर काढावी लागते. इथे ती प्रवासातच जाणार होती.

सामानात एक खास प्रश्न होता, धान्यसाठ्याचा. मॉर्मन घरांत काही महिन्यांचं अन्न साठवून ठेवण्याची शिकवण आहे. या घरात सोळा खोकी होती, प्रत्येकात सहा मोठे हवाबंद डबे: गहू, ओट, राजमा, दूध पावडर. वजन अडीचशे किलोच्या आसपास. नातेवाइकांनी सांगितलं, वाटून टाका. पण भाड्याच्या ट्रकचे पैसे आकार आणि अंतरावर लागतात, वजनावर नाही, आणि सोळा खोक्यांना जागा फारच थोडी लागते. खोकी ट्रकच्या पुढच्या भिंतीला लागून, तळाशी, डावी-उजवीकडे सारखी विभागून लावली. वजन मागे किंवा वर गेलं की ट्रक वाऱ्यात झोल खातो. घरी बाटल्यांत भरलेले पीच मात्र वाटून टाकले, कारण बंद ट्रकमधल्या जुलैच्या उकाड्यात काचेच्या बाटल्यांचं झाकण सैल होतं. हा साठा नेणं हा पूर्ण प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा निर्णय ठरला. ऑगस्ट-सप्टेंबरात पोळ्यांपासून सूपपर्यंत बरंच काही त्यातून निघालं आणि १,००० चा किराणा-पेट्रोलचा खर्च ६५० वर आला.

निघाले सोमवारी, ३१ जुलैला. रविवारी सामान हलवत नाहीत, त्यामुळे शनिवारी रात्री ट्रक पोचेल असा बेत कधीच करायचा नाही. ट्रक सोमवारपर्यंत भरलेला राहतो आणि भाडं चढतं. रस्ता आय-८० महामार्गाचा, मुक्काम वायोमिंगमधलं शायान आणि नेब्रास्कातलं ओमाहा. रॉलिन्स ते लॅरमी हा पट्टा उंच ट्रकसाठी वाऱ्याचा आहे, तो दुपार चढण्याआधी ओलांडला. गरोदर बाईने दर दोन तासांनी उतरून चालायचं, म्हणून रोजचं अंतर पाचशे मैलांच्या आत ठेवलं.

हा रस्ता मॉर्मन इतिहासातला आहे, फक्त उलट दिशेने. १८५६ आणि १८५७ मध्ये आयोवा सिटीला रेल्वे संपायची आणि तिथून लोक हातगाड्या ओढत सॉल्ट लेकला निघायचे. १८५६ च्या दोन तुकड्या जुलैच्या मध्यावर आणि अखेरीस, म्हणजे उशिरा निघाल्या, वायोमिंगच्या बर्फात सापडल्या आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. ही गोष्ट या घरातल्या चार वर्षांच्या मुलीलाही ठाऊक होती.

बुधवारी संध्याकाळी सहाला, लोक कामावरून सुटल्यावर, ट्रक दारात. वेळ आधी कळवली होती. वॉर्डातले आठ पुरुष आले आणि तासाभरात ट्रक रिकामा झाला. हे सुरळीत झालं, कारण खोकी बंद होती, प्रत्येकावर खोलीचं नाव होतं आणि पियानो युटातच विकला होता. अर्धवट भरलेलं सामान घेऊन मदतीला बोलावलं, तर दोन तासांचे पाच होतात आणि पुढच्या कुटुंबाच्या वेळी माणसं कमी येतात.

गुरुवारी भाडेकराराची प्रत घेऊन तिने आयोवा मेडिकेडचा अर्ज केला. सोबत गरोदर स्त्रियांसाठीची प्रिझम्प्टिव्ह एलिजिबिलिटी घेतली. अधिकृत केंद्र प्राथमिक माहितीवर लगेच तात्पुरतं संरक्षण देतं, ज्यात बाह्यरुग्ण तपासण्या येतात, प्रसूती येत नाही. त्यावर १८ ऑगस्टला साखरेची चाचणी झाली. लहान मुलांच्या आणि गरोदर मातांच्या पोषणाची डब्ल्यूआयसी योजना मात्र राज्य ओलांडून चालते. युटाच्या केंद्राकडून निघण्यापूर्वी पडताळणीचं कार्ड घेतलं की नव्या राज्यात मुदत संपेपर्यंत पात्रता नव्याने सिद्ध करावी लागत नाही. ते कार्ड त्यांनी घेतलं होतं.

सरकारी मदतीबद्दल तिच्या मनात अवघडलेपण होतं. स्वावलंबनाची शिकवण लहानपणापासूनची. चर्च सरकारी योजनांना मनाई करत नाही, निर्णय कुटुंबावर सोडतं. पाच वर्षांची मुदत ठरवून त्यांनी त्या घेतल्या. किराणा कमी होऊनही ३२० डॉलरची तूट उरली होती. विभागाने स्थलांतरासाठी १,००० डॉलर कबूल केले होते, पण पावत्या दिल्यानंतर, आणि ते हातात आले ऑक्टोबरात. (२०१८ पासून अशी भरपाई करपात्र आहे, हेही लक्षात ठेवावं.) आधी स्वतःचं, मग नातेवाइकांचं, मग चर्चचं, असा क्रम असतो. माहेरच्यांनी मोटेलचे पैसे आधीच दिले होते आणि ते ट्रकच्या विम्यात गेले होते. सप्टेंबरात दोघं बिशपला भेटले. उपासाच्या देणग्यांमधून ३२० डॉलर थेट घरमालकाला गेले.

त्याच महिन्यात नवऱ्याला पुरुषांच्या क्वोरमच्या, म्हणजे संघटनेच्या, नेतृत्वात कॉलिंग देऊ केलं गेलं. सहसा नाही म्हणत नाहीत. त्याने नाही म्हटलंही नाही. मे महिन्यातली पात्रता परीक्षा, नोव्हेंबरातलं बाळ आणि रविवारी अभ्यास न करण्याचा नेम, हे बिशपसमोर मांडून आठवड्याला किती तास लागतील ते विचारलं. उत्तर आलं सात-आठ. बिशपने विचार बदलला आणि नवरा-बायकोला मिळून लहान मुलांचा वर्ग दिला, रविवारच्या दोन तासांतच संपणारा.

निष्पत्ती

मेडिकेड १३ सप्टेंबरला मंजूर झालं. बाळ २८ नोव्हेंबरला आलं आणि नवरा जवळ होता. परीक्षा मेमध्ये पार पडली.

२०२४ च्या कर विवरणात असिस्टंटशिपची कमाई ११,००० होती. तीन मुलांसाठी अर्न्ड इन्कम क्रेडिट ४,९५०, मुलांच्या क्रेडिटचा परत मिळणारा भाग १,२७५. मिळून ६,२२५ डॉलर, शिवाय संघीय क्रेडिटच्या १५ टक्के आयोवा राज्याकडून. मूळ देकाराप्रमाणे यातलं काहीच आलं नसतं. त्याबदल्यात दुसऱ्या वर्षी संशोधन मागे पडलं, हे खरं आहे आणि मार्गदर्शकांनी ते बोलूनही दाखवलं.

बायकोचा पहिला हिवाळा अवघड गेला. एकच गाडी, सभागृह अकरा मैलांवर, तीन लहान मुलं आणि उणे तापमान. मंदिरं, म्हणजे सभागृहांपेक्षा वेगळ्या, खास विधींच्या इमारती, प्रोव्होत गावातच दोन होती, इथून जवळचं, इलिनॉयमधल्या नॉवूचं मंदिर दोन तासांच्या अंतरावर. बाळंतपणानंतर रिलीफ सोसायटीकडून जेवण आलं, पण जानेवारीच्या मंगळवारी दुपारी दार वाजवणारं कुणी नव्हतं. पुढे दोन शेजारणींबरोबर मुलं आळीपाळीने सांभाळायचं ठरलं आणि आठवड्यात दोन सकाळी मोकळ्या झाल्या. विद्यापीठाच्या गावातला वॉर्ड दर मे महिन्यात अर्धा रिकामा होतो. त्या दोघींपैकी एक २०२४ च्या मेमध्येच गेली.

वेगळं काय करता आलं असतं

युटाचं मेडिकेड बंद झाल्याचं पत्र निघण्यापूर्वीच मागून घ्यायला हवं होतं. त्यांनी फोनवर कळवलं आणि गृहीत धरलं. आयोवाच्या यंत्रणेत ती तीन आठवडे युटातच विमाधारक दिसत राहिली, अर्ज तिथेच थांबला. तात्पुरतं संरक्षण घेतलं नसतं तर चाचणीचं बिल अंगावर आलं असतं.

पहिल्या हप्त्याची नेमकी तारीख एप्रिलमध्येच विचारायला हवी होती, त्यांना ती जूनमध्ये कळली. एप्रिलमध्ये विभागाशी बोलणं चालूच होतं, तेव्हा भरपाईऐवजी आगाऊ रक्कम मागता आली असती.

आयोवात चार वर्षांच्या मुलांसाठी राज्याचं विनाशुल्क प्रीस्कूल आहे, अट एवढीच की १५ सप्टेंबरला चार पूर्ण हवेत. मुलगी पात्र होती. नोंदणी वसंतात होते, हे ऑगस्टात कळलं आणि जागा जानेवारीत मिळाली. त्या चार महिन्यांचा भार आईवर पडला.

गावाची निवड नवऱ्याच्या विभागाकडे बघून झाली, यात गैर काही नाही. पण तिच्यासाठी वेगळी चौकशी कुणीच केली नाही. बस थांबा किती लांब, दिवसा घरी असणाऱ्या आया कुठल्या वसाहतीत राहतात, हे घर सुचवणाऱ्या त्याच बाईंना विचारता आलं असतं. सभागृहापासून आणखी लांब, पण अशा आयांच्या वसाहतीतलं घर तिला जास्त मानवलं असतं.

महाराष्ट्रातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कुटुंबासह जाणाऱ्यांनी यातला मेडिकेडचा आणि कर-क्रेडिटचा भाग आपल्याला लागू धरू नये. एफ-२, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या, जोडीदाराला नोकरी करता येत नाही, आणि कुटुंबाच्या विम्याचा हप्ता सहसा खिशातूनच जातो. त्यांच्यासाठी पहिल्या पगारापर्यंतच्या रोखीचा हिशेब आणि प्रीस्कूलच्या नोंदणीची तारीख हेच भाग कामाचे.

फेलोशिपचं उरलेलं वर्ष ऑगस्ट २०२६ पासून आहे. २०२६ च्या मेपर्यंत आणि २०२७ च्या ऑगस्टनंतर पगार असल्याने दोन्ही कर वर्षांत कमाई राहील. दरम्यान विभागातले पदव्युत्तर संचालक बदलले आहेत. नव्या संचालकांना हा बदल ठाऊक नव्हता. एप्रिल २०२३ चं पत्र दाखवल्यावर त्यांनी तो फाइलला लावून घेतला.